गाईड म्हणाले म्हणून : गिझा, सक्कारा, दहशूरच्या एका दिवसाच्या टूरचं परीक्षण

आपल्याकडे ‘गाईड’ या शब्दाचे तीन अर्थ होतात. दहावीला पाठ करतो ते गाईड, पर्यटकांना फिरवतात ते गाईड आणि पीएचडीच्या सहामाही अहवालावर सही करतात ते गाईड. तिघांनी सांगितलेलं आपण सारख्याच निष्ठेने वहीत उतरवून घेतो. हे परीक्षण दुसऱ्या प्रकारच्या गाईडने घडवलेल्या सहलीचं आहे. पेटची किंवा पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनी वाचताना तिसराही डोक्यात ठेवला तर चालेल.

एका कार्यशाळेसाठी मी आठवडाभर कैरोला होते. शेवटचा दिवस मोकळा होता, म्हणून हॉटेलच्या काउंटरवरून एक टूर घेतली. सकाळी सातला निघायचं, गिझाचे पिरॅमिड आणि स्फिंक्स, मग सक्कारा, मग दहशूर, मध्ये जेवण आणि ‘पारंपरिक कलेचं प्रात्यक्षिक’, संध्याकाळी परत. व्हॅनमध्ये आम्ही नऊ जण होतो.

टूरचं कसलं परीक्षण, असं वाटेल. पण बघा, टूर म्हणजे काय? दोनशे वर्षांचं उत्खनन, मोजमाप, वादविवाद एक माणूस आठ तासांत, अजिबात पार्श्वभूमी नसलेल्या लोकांना समजावून सांगतो. आपण सेमिनारमध्ये हेच करतो, आणि थीसिसच्या पहिल्या प्रकरणातही हेच. मग कसोटीही तीच लावायला हरकत नाही.

आधी चांगलं सांगते. आमचे गाईड बोलायला फार गोड होते. उंटवाल्यांच्या गराड्यातून त्यांनी आम्हाला एकदाही आवाज न चढवता बाहेर काढलं. आमच्यातल्या एका दहा वर्षांच्या मुलाला त्यांनी सावलीच्या लांबीवरून उंची कशी काढायची ते काठीने वाळूत आखून दाखवलं. हे सोपं नसतं. मी प्रॅक्टिकलच्या बॅचेस घेते, त्यामुळे सांगू शकते.

अडचण सुरू झाली ती तिन्ही मोठे पिरॅमिड एका रांगेत दिसतात त्या उंचवट्यावर. तिथे दहा मिनिटांत आम्हाला कळलं की खुफूचा पिरॅमिड मुळात १४६.६ मीटर उंच होता, त्यात २३ लाख दगड आहेत, तो एक लाख माणसांनी २० वर्षांत बांधला, म्हणजे दर दोन मिनिटांना एक दगड बसत होता, आणि आत नुकतीच एक गुप्त खोली सापडली आहे. सगळं एकाच आवाजात, एकाच खात्रीने. मुलगा सोडून सगळ्यांनी मान डोलावली. मुलगा म्हणाला, “मोजले कुणी?” त्याच्या आईने त्याला गप्प केलं.

त्या मुलाचा प्रश्न मी इथे पुढे चालवते, कारण या पाच वाक्यांचा पाया पाच वेगवेगळ्या जातींचा आहे.

उंचीचं घ्या. १४६.६ मीटर कुणीही मोजलेले नाहीत. माथा कधीच गेला, आज उंची साडेअडतीसवर शंभर, म्हणजे सुमारे १३८.५ मीटर आहे. मूळ आकडा येतो तो पायाची रुंदी आणि बाहेरच्या आच्छादनाच्या दगडांचा उतार यांवरून. हे आच्छादन बहुतेक सगळं निघून गेलंय, पण उत्तर बाजूच्या पायथ्याशी ढिगाऱ्याखाली काही दगड जागच्या जागी राहिले होते. १८३७ मध्ये ते उघडे पडले. त्यांचा उतार सुमारे ५१ अंश ५० मिनिटं. पायाची बाजू सुमारे २३०.३ मीटर, तिचं अर्धं ११५ मीटरच्या थोडं वर, गुणिले टॅन. कॅल्क्युलेटर काढा, १४६ आणि वर थोडं येतंच. म्हणजे हा एक्स्ट्रापोलेशनने काढलेला आकडा आहे, पण चांगला आहे, कारण दोन्ही इनपुट नीट मोजलेले आहेत. १९२५ च्या सर्वेक्षणात चारही बाजू २३०.२५ ते २३०.४५ मीटरच्या दरम्यान भरल्या. सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत आखूड बाजूंत फरक जेमतेम २० सेंटिमीटर!

या मोजमापामागे एक गोष्ट आहे, आणि ती गाईडने सांगितली असती तर व्हॅनमधले सगळे जागे झाले असते. स्कॉटलंडचे राजज्योतिषी पियाझी स्मिथ यांचं म्हणणं होतं की पिरॅमिड ठरावीक ‘पिरॅमिड इंचात’ बांधलाय आणि त्याच्या मापांत वर्षाचे दिवस वगैरे दडलेत. फ्लिंडर्स पेट्री हा तरुण वडिलांच्या प्रभावामुळे या कल्पनेकडे ओढलेला होता. १८८० ते १८८२ या काळात तो गिझाला एका थडग्यात मुक्काम ठोकून राहिला आणि त्याने सगळं काटेकोर मोजलं. मापं स्मिथच्या गणितात बसेनात. त्याने १८८३ मध्ये ती तशीच छापली. ज्या कल्पनेच्या ओढीने आलो तीच आपल्या मापांनी पाडायची, हे वाचायला सोपं वाटतं. तुमच्या गाईडच्या आवडत्या मॉडेलबद्दल करून बघा.

२३ लाख दगडांचं मात्र वेगळं. पायाचं क्षेत्रफळ गुणिले उंची भागिले तीन, आकारमान सुमारे २६ लाख घनमीटर. एक दगड सरासरी एक घनमीटरच्या थोडा वर धरला की झाले २३ लाख. पण सरासरी दगड केवढा, हे बाहेरून दिसणाऱ्या दगडांवरून ठरवलेलं. आत पोकळ्या किती, भराव किती हे कुणी उकलून पाहिलेलं नाही, शिवाय मूळ खडकाचा एक उंचवटा पायाच्या आत तसाच ठेवलेला आहे. आकडा चूक आहे असं माझं म्हणणं नाही. तो अंदाज आहे, आणि मोजलेल्या आकड्याच्या शेजारी त्याच आवाजात सांगितला की दोघांचं वजन सारखं होऊन बसतं. ‘दर दोन मिनिटांना एक दगड’ हे तर अंदाज भागिले दंतकथा : २३ लाख, वीस वर्षं, वर्षाचे ३६५ दिवस, दिवसाचे दहा तास.

दंतकथा म्हणाले, कारण ‘एक लाख माणसं, वीस वर्षं’ हे हेरोडोटसचं. तो इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला ग्रीक. खुफूनंतर सुमारे दोन हजार वर्षांनी तिथे गेला आणि तिथल्या लोकांनी जे सांगितलं ते त्याने लिहिलं. म्हणजे तोही एका अर्थी टूरवरच होता.

मग चांगला पुरावा नाहीच का? आहे, आणि तो आम्ही उभे होतो तिथून दिसण्याच्या अंतरावर आहे. स्फिंक्सच्या दक्षिणेला मार्क लेहनर यांच्या गटाने कामगारांची अख्खी वस्ती खणून काढली : ब्रेडच्या भट्ट्या, राहण्याच्या जागा, गुरं-शेळ्यामेंढ्यांची हाडं. जवळच कामगारांचं कब्रस्तान आहे. १९९० मध्ये एका घोड्याचा पाय कच्च्या विटांच्या भिंतीला अडखळला तेव्हा त्याचा पत्ता लागला. वस्तीचा आकार, भट्ट्या, हाडं यांवरून आज बरेच अभ्यासक वीसेक हजारांच्या आसपासचा आकडा धरतात. हाही अंदाजच, पण निदान कशाचा अंदाज आहे ते दाखवता येतं. आमची व्हॅन त्या बाजूला वळलीच नाही.

‘गुप्त खोली’वर थोडक्यात, कारण भौतिकशास्त्रवाल्यांनी यावर आधीच पुष्कळ लिहिलंय. २०१७ मध्ये नेचरमध्ये आलेला शोध म्युऑन वापरून केलेला होता. वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होणारे हे कण दगडातून जाताना अडतात. जिथून अपेक्षेपेक्षा जास्त येतात तिथे दगड कमी. तीन वेगवेगळ्या प्रकारच्या डिटेक्टरांनी महागॅलरीच्या वर किमान ३० मीटर लांबीची पोकळी दाखवली. पेपरमध्ये शब्द आहे पोकळी. खोली म्हटलं की कुणीतरी ती कशासाठी तरी बांधली असा अर्थ आपोआप आत शिरतो. याच तंत्राचा पहिला प्रयोग लुईस अल्वारेझ यांनी शेजारच्या खाफ्रेच्या पिरॅमिडवर केला आणि १९७० मध्ये छापला. त्यांनी तपासलेल्या भागात एकही लपलेली खोली निघाली नाही. ‘काही नाही’ हा निकाल सायन्समध्ये छापून येतो, हे ज्यांचे सॅम्पल्स सध्या काहीच दाखवत नाहीयेत त्यांच्यासाठी सांगून ठेवते.

आता न्याय म्हणून एक प्रसंग. स्फिंक्ससमोर एकाने विचारलं, नेपोलियनच्या सैनिकांनी तोफेने नाक उडवलं ना? गाईड हसले आणि म्हणाले, नॉर्डेन नावाच्या डॅनिश प्रवाशाने १७३७ मध्ये इथे चित्रं काढली, त्यात नाक नाहीये. नेपोलियन आला १७९८ मध्ये. झालं. दोन तारखा आणि एक चित्र. कुणालाही कंटाळा आला नाही, उलट दोघांनी फोनवर ते चित्र शोधलं. दिवसभरात पुराव्यासकट आलेलं हे एकमेव विधान होतं, आणि दिवसभरात सगळ्यांच्या लक्षात राहिलेलंही तेच. मला नंतर वाटत राहिलं की जे येतं ते हा माणूस का करत नाहीये?

गिझा ते सक्कारा या रस्त्यात त्यांनी दगड ओढण्याचा विषय काढला. म्हणाले, वाळूवर पाणी ओतायचे, त्यामुळे घसरगाडी सहज सरकायची, भिंतीवर चित्रच आहे त्याचं. इथे मी मान खाली घातली.

कारण हेच वाक्य मी बोलले आहे. माझं काम कणीय पदार्थांवर आहे. वाळू, पावडर, धान्य असल्या गोष्टी कशा वाहतात, अडतात. पहिल्या वर्षी सल्लागार समितीपुढे सेमिनार होता. सुरुवातीला काहीतरी आकर्षक हवं म्हणून मी ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या गटाचा २०१४ चा पेपर घेतला. प्रयोग सुंदर आहे. कोरड्या वाळूत घसरगाडी ओढली की पुढे वाळूचा ढीग साचतो. थोडं पाणी घातलं की कणांमध्ये पाण्याचे बारीक पूल तयार होतात, वाळू कडक होते आणि ओढायला लागणारं बल साधारण निम्म्यावर येतं. पाणी जास्त झालं की पुन्हा घर्षण वाढतं. त्याखाली मी ते भिंतीवरचं चित्र लावलं : घसरगाडीवर प्रचंड पुतळा, १७२ माणसं दोर ओढताहेत, पुढे एक जण पाणी ओततोय. आणि वर मथळा : ‘पिरॅमिड असे बांधले गेले.’

समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, “हे चित्र कुठल्या पिरॅमिडमधलं?” मी म्हणाले, खुफूच्या. “कशावरून?” मला उत्तर आलं नाही. मी चित्र एका बातमीतून घेतलं होतं. बातमीत पिरॅमिडचा फोटो होता, बाकीचं माझ्या डोक्याने जोडलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, “मग पुढच्या स्लाइडवरचा घर्षणाचा गुणांक कुठून घेतला, तेही सांगा.” तो मी एका रिव्ह्यूमधून घेतला होता, रिव्ह्यूने दुसऱ्या रिव्ह्यूमधून, आणि मूळ मोजमाप माझ्या वाळूवर नव्हतंच, काचेच्या मण्यांवर होतं. माझं सहा महिन्यांचं सिम्युलेशन त्या गुणांकावर उभं होतं. ते पुन्हा चालवावं लागलं. त्या सहामाही अहवालात ‘प्रगती समाधानकारक’ ऐवजी काय लिहून आलं ते इथे लिहीत नाही.

ते चित्र जेहुतीहोतेप नावाच्या प्रांताधिकाऱ्याच्या थडग्यातलं आहे, देर अल-बर्शाचं, इसवी सनापूर्वी १९०० च्या आसपासचं. खुफूचा काळ सुमारे २५६० च्या आधीचा. मधलं अंतर सहा-सातशे वर्षांचं. आपल्याकडे यादवांच्या राज्यापासून आजपर्यंत असतं तेवढं. शिवाय ओढला जातोय तो पुतळा, पिरॅमिडचा दगड नाही. पिरॅमिडसाठी पाणी वापरलं असेलही, मला तर शक्य वाटतं. पण चित्र ते सांगत नाही.

त्यामुळे गाईडला हसण्याचा अधिकार मला नव्हता.

सक्काऱ्यात जोसेरचा पायऱ्यांचा पिरॅमिड पाहिला, आणि तिथे मला टूरची खरी मोठी चूक दिसली. ती चूक क्रमाची आहे. इतिहासात आधी जोसेर येतो : मुळात सपाट मस्तबा, मग त्यावर चार पायऱ्या, मग वाढवून सहा. हे टप्पे झाँ-फिलिप लोएर यांनी वेगळे करून दाखवले. १९२६ मध्ये ते सक्काऱ्यात आले आणि जवळजवळ उरलेलं आयुष्य तिथेच काम करत राहिले. मग स्नेफेरू दहशूरला, आणि त्यानंतर त्याचा मुलगा खुफू गिझाला. टूर बरोबर उलटी धावते. सकाळी ताज्या डोळ्यांनी तयार, निर्दोष पिरॅमिड, आणि तो झाला कसा हे बघायची वेळ येते तेव्हा जेवण झालेलं असतं, ऊन चढलेलं असतं, लोक व्हॅनमध्ये एसी लावून बसतात. पेपर असेच लिहिले जातात की! फिगर १ मध्ये चकचकीत निकाल, आणि फसलेले सोळा प्रयोग सप्लिमेंटरीमध्येही नाहीत.

मधल्या ‘पारंपरिक कलेच्या प्रात्यक्षिका’ला पाऊण तास गेला. ते पपायरस विकायचं दुकान होतं. एका मुलीने लव्हाळ्याच्या पट्ट्या आडव्या-उभ्या रचून दाखवल्या, मग दरपत्रक आलं. पपायरसचं दुकान आक्षेपार्ह वाटलं नाही. आक्षेप हा की पपायरसला पाऊण तास दिला आणि मेरेरचं नाव निघालं नाही. २०१३ मध्ये लाल समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ इथे पिअर ताले यांच्या गटाला लिहिलेले पपायरस सापडले, आजवर मिळालेल्यांत सर्वांत जुने. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची कामाची रोजची नोंद आहे : आज तुराच्या खाणीवर दगड भरले, आज नदीवर, आज खुफूच्या पिरॅमिडपाशी पोचलो, रात्री मुक्काम कुठे. दहा दिवसांत दोन-तीन फेऱ्या. वरचा अधिकारी म्हणून खुफूचा सावत्र भाऊ अंखहाफ याचं नाव येतं. तुराचा तो पांढरा चुनखडी दगड म्हणजे बाहेरचं आच्छादन, तेच, ज्याच्या उतारावरून आपण उंची काढली. ज्यांनी हा पिरॅमिड बांधला त्यांच्यातल्याच एकाची लॉगबुक! दंतकथा नाही, दोन हजार वर्षांनंतरची ऐकीव गोष्ट नाही. आणि दुकानात आम्ही तुतानखामेनचा मुखवटा छापलेला बुकमार्क विकत घेत होतो. (मीही घेतला. बहिणीसाठी.)

दहशूरला पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. खाली उतरलो मी, तो मुलगा आणि गाईड. समोर वाकडा पिरॅमिड. खालचा भाग सुमारे ५४ अंशांनी चढतो आणि मध्येच कोन मोडून वर ४३ वर येतो. आतल्या दालनांत भेगा आहेत, त्या लिंपलेल्या आहेत, वरच्या दालनात देवदाराचे वासे आधाराला घातलेले आहेत. खालच्या थरांत दगड आतल्या बाजूला कललेले, वरच्या थरांत आडवे. म्हणजे काम चालू असताना पद्धत बदलली. बहुतेकांचं मत आहे की बांधकाम खचू लागलं म्हणून उतार कमी केला. दोन उतार मुद्दाम ठेवले होते असं मानणारेही आहेत. आणि थोड्या अंतरावर त्याच राजाचा पुढचा प्रयत्न, लाल पिरॅमिड, सुरुवातीपासूनच ४३ अंशांच्या आसपास.

मी गाईडना विचारलं, ती वीस वर्षं हेरोडोटसची ना? त्यांनी माझ्याकडे जरा वेगळं पाहिलं. मग म्हणाले, “हेरोडोटस सोडा. त्या लाल पिरॅमिडच्या दगडांवर कामगारांनी तारखा लिहून ठेवल्यात, जनावरांच्या शिरगणतीच्या वर्षांनी. खालचा दगड कधी बसला, वरचा कधी, यावरून वेग काढता येतो. वेग बघायचा तर इथे बघायचा.” पुढे पंधरा मिनिटं ते थांबले नाहीत. गिझाच्या चुन्यातल्या कोळशाचं कार्बन डेटिंग १९८४ मध्ये केलं तेव्हा तारखा सरासरी ३७४ वर्षं जुन्या का आल्या, १९९५ मध्ये फरक कमी होऊनही शंभर-दोनशे वर्षं का उरला, सरपण म्हणून जुनं लाकूड जाळलं तर काय होतं, सगळं. त्यांनी विद्यापीठात इजिप्तॉलॉजी केलेली, नंतर उत्खननातही काम केलेलं. सकाळपासूनचा तो माणूस हाच का, असं वाटलं.

हे सकाळी का नाही सांगितलंत, विचारलं. म्हणाले, पहिली दोन वर्षं सांगायचो. लोक रेटिंगमध्ये लिहायचे, माहिती फार देतात. कंपनीने बोलावून सांगितलं, आकडे सांगा, वाद सांगू नका. पपायरसच्या दुकानाची वेळ मात्र पाऊण तासाखाली आणायची नाही.

म्हणून या परीक्षणात गाईडना चार तारे आणि टूरला दोन. तुम्ही कधी गेलात तर गाडी स्वतः ठरवा आणि क्रम उलटा करा : सकाळी सक्कारा, मग दहशूर, गिझा शेवटी. दहशूरला आत उतरणार असाल तर गुडघे सांभाळा. वाकड्या पिरॅमिडचा बोगदा जवळजवळ ८० मीटर वाकून उतरायचा आहे, आणि परत तेवढाच चढायचा.

सेमिनारची ती स्लाइड मी अजून ठेवली आहे. चित्र तेच. मथळा बदललाय : ‘पुतळा ओढतानाचं दृश्य, जेहुतीहोतेपचं थडगं, देर अल-बर्शा, सुमारे इ.स.पू. १९००.’ पुढच्या स्लाइडवरच्या गुणांकाला आता शेजारी स्वतःच्या वाळूवर घेतलेल्या अकरा मोजमापांचा एरर बार आहे. तो बराच मोठा आहे.